छताचा रंग टोपीवर का पडतो?

पाऊस ओसरून घेवडा घरात आला की कोरेगावात रंगाचे दिवस सुरू होतात. हार्डवेअरच्या दुकानांपुढे वीस-वीस लिटरच्या बादल्यांच्या उतरंडी लागतात आणि ज्याला त्याला पेंटर दसऱ्याच्या आत हवा असतो. दोन वर्षांपूर्वी आम्हालाही हवा होता. आला तो साठीतला, कमी बोलणारा माणूस. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून आम्हीही. मामांनी आल्या आल्या कालच्या वर्तमानपत्राची टोपी दुमडून डोक्यावर चढवली, रोलरला लांब दांडा जोडला आणि सोप्याचं सिलिंग मारायला घेतलं.

तासाभराने चहा घेऊन गेलो, तर टोपीवर पांढरे ठिपकेच ठिपके. एकेक खसखशीएवढा, पण शेकड्यांनी. मी वर पाहिलं. सिलिंगवर ओला रंग चकाकत होता आणि कुठेही एक थेंबसुद्धा लोंबत नव्हता. सबंध खोलीभर ओला रंग उलटा टांगलेला, तो पडत नाही. मग हा टोपीवरचा कुठून आला?

मामांना विचारलं. बशीत चहा ओतता ओतता ते म्हणाले, “अवो, छताला दिलेला रंग छतालाच ऱ्हातोय. जो दिलाच न्हाई, त्यो आमच्या डोक्यावर पडतोय.”

मला ती चेष्टा वाटली. पुढे या विषयावर वाचत गेलो, तेव्हा मामा अक्षरशः खरं बोलले होते असं निघालं.

झाकणाखालची ओल

आधी छताला राहिलेल्या रंगाचं पाहू. भात शिजत असताना पातेल्यावरचं झाकण हळूच उचला आणि आतली बाजू बघा. काही ठिकाणी नुसती ओल असते, काही ठिकाणी टपोरे थेंब. थेंब टपकतात, ओल टपकत नाही. पाणी दोन्हीकडे तेच आणि पृथ्वीची ओढही तीच. फरक जाडीचा आहे.

थेंब व्हायचा तर आजूबाजूचं पाणी वाहत येऊन एका जागी गोळा व्हावं लागतं. पातळ थरात ही वाट फार अरुंद असते. झाकणाला टेकलेला द्रव मुळीच हलत नाही, त्याला लागून असलेला जेमतेम रांगतो, आणि थर पातळ असेल तर सगळाच द्रव या रांगणाऱ्यांत मोडतो. हिशेब मोठा गमतीचा आहे: थराची जाडी दुप्पट केली तर सरकणारा माल दुप्पट होत नाही, आठपट होतो. तिप्पट केली तर सत्तावीसपट. भिंतीवरून रंगाचे ओघळ येतात ते म्हणूनच एकाएकी येतात. थोडासाच जास्त लागला, असं आपण म्हणतो. पण रंगाच्या दृष्टीने ते थोडंसं नसतं.

रोलरने दिलेला थर असतो तरी किती? 1 लिटर रंग 10 चौरस मीटरवर, म्हणजे साधारण 108 चौरस फुटांवर, सारखा पसरला तर त्याची जाडी भरते मिलिमीटरचा दहावा भाग. आपल्या केसाच्या जाडीहून थोडी जास्त. पाणी उडून गेल्यावर त्यातला निम्माही उरत नाही. एवढ्या पातळ थरातून थेंब जमायला तासन्‌तास लागतील, आणि रंग तर अर्ध्या तासात वरून सुकायला लागतो. छतावर ही शर्यत चाललेली असते आणि रंग पातळ असेल तर दर वेळी वाळणं जिंकतं.

या पातळपणाचा आवाका दाखवणारं एक उदाहरण आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. 2013 साली एशियन पेंट्सचा कारखाना खंडाळ्याला सुरू झाला (घाटातल्या नव्हे, आपल्या जिल्ह्यातल्या खंडाळ्याला). त्याची सुरुवातीची क्षमता वर्षाला 3 लाख किलोलिटर, म्हणजे 30 कोटी लिटर. तो पूर्ण क्षमतेने चालला आणि सगळा माल भिंतीचाच रंग आहे असं धरलं, तर त्याच केसभर थराने 3,000 चौरस किलोमीटर झाकले जातील. सातारा जिल्ह्याचं क्षेत्रफळ 10,480 चौरस किलोमीटर आहे. त्याच्या पाव भागाला सहज एक हात बसेल.

दही आणि काकवी

पण रंग इतका पातळ पसरतो, तर तो पाण्यासारखा असायला हवा. बादलीत मात्र तो घट्ट असतो. काठी उभी केली तर सावकाश कलंडते. मग घट्ट की पातळ?

काकवी घ्या. कितीही ढवळा, तिचा चिकटपणा तेवढाच. आता विरजलेलं दही घ्या. भांडं तिरकं केलं तरी ते जागचं हलत नाही, पण चमचा फिरवला की पळायला लागतं. रंग दह्याच्या जातीचा आहे. त्यात मुद्दाम असे घटक घातलेले असतात की तो स्वस्थ असताना घट्ट राहावा आणि घासला, दाबला की पातळ व्हावा. दह्याहून त्याची एक गोष्ट सरस: ढवळलेलं दही पुन्हा घट्ट होत नाही, रंग हात थांबला की थोड्याच वेळात पुन्हा आवळून येतो.

रोलरचं सगळं काम या गुणावर चालतं. त्याच्या लवेत, म्हणजे वरच्या मऊ तंतूंमध्ये, रंग तसाच धरून राहतो जसं वातीत तेल. बादलीपासून छतापर्यंतच्या प्रवासात तो घट्ट असतो, म्हणून गळत नाही. रोलर छतावर दाबून फिरवला की तंतूंमधून पिळून निघालेला रंग क्षणभर पातळ होतो आणि पसरतो. रोलर पुढे गेला की मागे राहिलेला पुन्हा घट्ट होतो आणि छताला धरून बसतो.

आता यात जास्तीचं पाणी घातलं की काय होईल ते उघड आहे. दह्याचं ताक होतं. डब्यावर किती पाणी घालायचं ते छापलेलं असतं आणि ते कंपनीने शोभेसाठी छापलेलं नसतं. पण अंगावर घेतलेलं काम लवकर उरकायचं असेल, तर मग्गाभर पाणी जास्त घालायचा मोह होतो: रोलर हलका फिरतो, बादली पुरवठ्याला येते. पैसे वाचले असं घरमालकालाही वाटतं. मग तिसरा हात मारावा लागतो आणि वाचलेले पैसे तिथे जातात.

एकतारी पाक

आता टोपीकडे वळू. लाडवांचा पाक झाला का हे आई कशी पाहते? दोन बोटांत पाक घेऊन बोटं लांब करते. तार आली की एकतारी. आणखी ताणलं की तार मध्येच बारीक होते आणि तुटते. थोडा पाक या बोटाला, थोडा त्या बोटाला.

रोलर छतापासून सुटतो त्या रेषेवर क्षणोक्षणी हेच घडत असतं. रंगाचा थर एका बाजूने छताला चिकटलेला, दुसऱ्या बाजूने रोलरला. रोलर गोल फिरून दूर जाऊ लागला की मधला रंग फाकतो आणि त्याचे असंख्य बारीक धागे होतात. नीट कान दिला तर ऐकूही येतं, मऊसा चरचर आवाज. धागे मध्ये तुटतात. वरचा तुकडा छताकडे आक्रसतो आणि तिथे बारीक टेकाड होतं. खालचा तुकडा रोलरकडे परततो. पण धागा लांब ताणला गेला असेल, तर तो एकाच जागी तुटत नाही, दोन-तीन जागी तुटतो. मधला तुकडा मग छताचाही नसतो आणि रोलरचाही नसतो. तो गोल होतो आणि खाली येतो. मामांचा ‘दिलाच न्हाई’ तो हाच रंग.

त्यात वेगाची भर पडते. नऊ इंची रोलर नऊ इंच रुंद असतो, पण त्याचा व्यास धरा 6 सेंटीमीटर. म्हणजे एका फेऱ्यात तो जेमतेम 19 सेंटीमीटर जातो, वीतभर. नऊ फुटी भिंत खालून वरपर्यंत गाठायला त्याला साडेचौदा फेरे घ्यावे लागतात. उत्साही माणसाने हा झपाटा दोन सेकंदांत मारला, तर रोलरच्या कडेवरच्या रंगाला त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सहापटीहून जास्त जोराने बाहेर फेकलं जातं. ओल्या कुत्र्याने अंग झाडावं तसं. तेच अंतर सहा सेकंदांत कापलं, तर हा जोर नऊ पटींनी उतरून वजनाच्या पाऊणपटीपेक्षाही खाली येतो. वेग एक तृतीयांश, फेकणं एक नवमांश. मामा सिलिंगवर रोलर असा फिरवत होते जणू त्यांना कुठे जायचंच नाही, आणि तरी टोपीवर शेकडो ठिपके होते. दुसऱ्या दिवशी माझ्या भाच्याने हौसेने रोलर हातात घेतला. त्याच्या चष्म्याबद्दल मी लिहीत नाही.

हे अवजार तसं नवंच. टोरांटोच्या नॉर्मन ब्रेकी यांनी 1940 मध्ये ते केलं असं सहसा सांगतात. पैसा मात्र इतरांनी केला. आपल्याकडे कुंचला आणि ब्रश पुढेही कैक वर्षं टिकले. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेला खट्याळ गट्टू आठवा. कपाळावर केसांची बट, एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश. रोलर नाही.

भज्याचा कागद

सिलिंगचा पहिला हात ओला असताना मी मामांना म्हटलं, “जुने डाग दिसताहेत की अजून.” ते म्हणाले, “वाळू द्या.” वाळल्यावर बरेचसे डाग गेले.

चुना लावताना हे सर्वांनी पाहिलेलं असतं. ओला चुना भिंतीवर असून नसल्यासारखा. भिंत काळपटच दिसते. दुपारपर्यंत ती पांढरीशुभ्र होते. रंग तर वाढला नाही, उलट पाणी कमी झालं. मग झाकणं कसं वाढलं?

याचं उत्तर भज्याच्या कागदात आहे. कोरडा कागद पांढरा दिसतो, कारण त्याच्या तंतूंमध्ये हवा असते. प्रकाश हवेतून तंतूत, तंतूतून हवेत शिरताना दर वेळी वाकतो, विखुरतो आणि परत फिरतो. भज्याचं तेल त्या फटींत भरलं की प्रकाशाला तेल आणि तंतू यांतला फरक फारसा कळत नाही. तो सरळ पार जातो आणि कागदापलीकडचं दिसू लागतं.

हा वाकवण्याचा गुण आकड्यात मांडता येतो. हवेचा 1, पाण्याचा 1.33, रंगातल्या चिकट घटकाचा साधारण 1.5 आणि खडूच्या भुकटीचा 1.6 च्या आसपास. डिस्टेंपरमध्ये खडूची भुकटी भरपूर. ती पाण्यात बुडालेली असताना फरक थोडा, म्हणून आरपार दिसतं. पाणी उडून फटींत हवा शिरली की फरक वाढतो आणि पांढरेपण येतं. महागड्या इमल्शनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड असतं. त्याचा आकडा 2.7 च्या घरात आहे. ते ओलं असो की वाळलेलं, प्रकाशाला अडवतंच. एका डब्याची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट का, याचं बरंचसं उत्तर या एका भुकटीत आहे. आणि गंमत म्हणजे ही पांढरीशुभ्र पूड मिळते इल्मेनाइट नावाच्या काळ्या खनिजापासून. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू पाहिली असेल, तिच्यात ते असतं.

तेव्हा ओल्या भिंतीकडे बघून पेंटरला “अजून मारा” म्हणू नये. तो बिचारा मग रोलर दाबून मारतो, रंग रोलरच्या दोन्ही टोकांनी बाहेर येतो आणि भिंतीवर रुळांसारख्या समांतर रेघा उमटतात.

सारवणारा हात

रंगकामात मला सर्वांत आवडलेली गोष्ट मामांनी नव्हे, माझ्या आजीने शिकवली होती. तेव्हा ती रंगाची आहे हे ठाऊक नव्हतं. आजी सोपा सारवायची. कोपऱ्यातून सुरू करून दाराकडे मागे सरकत यायची. प्रत्येक नवा अर्धगोल आधीच्या ओल्या कडेवर थोडा चढलेला असायचा. मध्ये कुणी हाक मारली तरी ओळ पूर्ण केल्याशिवाय उठायची नाही. उठली तर तिथे जोड दिसायचा, आणि जोड दिसलेली जमीन तिला चालत नसे.

रोलरचं तंतोतंत असंच आहे. पाण्यातला रंग म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या कणांचं पाणी. पाणी उडू लागलं की हे कण जवळ येतात, एकमेकांना चिकटतात आणि शेवटी साबुदाण्याच्या बिघडलेल्या खिचडीसारखा सगळ्यांचा मिळून एकच गोळा होतो, फक्त पापुद्र्याच्या रूपात. एकदा तो झाला की पाणी घालून कण सुटे होत नाहीत. (जेवायला जाताना रोलर तसाच टाकून गेलात, तर परत आल्यावर हातात लाकूड येतं ते यामुळे.) ही जुळणी पूर्ण व्हायच्या आत शेजारचा पट्टा लागला, तर दोन्ही पट्टे एकजीव होतात. अर्धवट जुळल्यावर लागला, तर रोलर खालचा पापुद्रा ओढतो आणि तिथे जोड उमटतो. तो वाळल्यावरही जात नाही.

आपल्याकडे ही ओली कड फार लवकर मरते. ऑक्टोबरच्या उन्हात वरच्या मजल्याचा स्लॅब दुपारपर्यंत तापतो आणि सिलिंगवरचा रंग तव्यावरच्या पाण्यासारखा उडतो. त्यात आपण पंखा लावतो. मामा घामाने निथळत होते म्हणून मी कणव येऊन पंख्याचं बटण दाबलं. त्यांनी वरूनच सांगितलं, “बंद करा आधी त्यो.” वरच्या खोलीचं सिलिंग ते सकाळी आठला सुरू करायचे आणि दहाला संपवायचे. कडेची कटिंग, म्हणजे रोलर पोचत नाही तिथली ब्रशची पट्टी, सगळ्या खोलीची एकदम मारून ठेवायचे नाहीत. हातभर कटिंग, लगेच रोलर, पुन्हा हातभर कटिंग.

भिंत स्वतःही पाणी पिते. नवा माठ पहिल्या दिवशी जसं पाणी ओढतो, तशी ताजी पुट्टी ओढते. शेजारचा जुना ऑइलपेंट थेंबही घेत नाही. एकाच पट्ट्यातला रंग पुट्टीवर चटकन सुकतो, ऑइलपेंटवर रेंगाळतो, आणि दोन्हीकडे चमक वेगळी येते. प्रायमर मारायचा तो ही तहान सगळीकडे सारखी करायला. प्रायमर वगळून इमल्शनचे तीन हात मारणारे लोक मी पाहिले आहेत. ते माठाला दुधाने भिजवतात.

चौकट : रोलर हातात घेण्याआधी

ओल आधी, रंग नंतर. गच्चीची गळती चालू असताना मारलेला रंग पुढच्या पावसात पापडीसारखा सुटतो. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला किमान 28 दिवस द्या. त्यातला क्षार कोवळ्या रंगाला खातो.

आधी सिलिंग, मग भिंती. नवा रोलर पाण्यात भिजवून झटकून घ्या. सुटे तंतू निघून जातात आणि रंग आतपर्यंत शिरतो.

बादलीतून काढलेला रोलर जाळीवर निथळून घ्या. दांडा लावा, म्हणजे छताखाली थेट उभं राहावं लागत नाही.

दार-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसं असू शकतं. पॉलिश पेपर ओला करूनच वापरा आणि लहान मुलांना खोलीबाहेर ठेवा.

सकाळचं ऊन

धाग्यांची छतावर आणि भिंतीवर राहिलेली टेकाडं शिल्लक आहेत. त्यांचं काय होतं?

द्रवाचा पृष्ठभाग ताणलेला असतो, त्यामुळे तो टेकाडं सपाट करू पाहतो. पण त्याची ताकद टेकाडांच्या रुंदीवर ठरते. दोन टेकाडांमधलं अंतर दुप्पट असेल, तर सपाट व्हायला सोळापट वेळ लागतो. बारीक खडबड रंग वाळायच्या आत जिरते, रुंद लाटा तशाच गोठतात. म्हणून आतल्या गुळगुळीत भिंतीला आखूड लवेचा रोलर: त्याचे धागे बारीक, टेकाडं जवळजवळ, आणि उरतं ते संत्र्याच्या सालीसारखं हलकं पोत. बाहेरच्या खडबडीत गिलाव्याला लांब लवेचा रोलर लागतो, कारण तिथे खड्ड्यांत रंग पोचवणं जास्त महत्त्वाचं.

हे पोत दुपारी दिसत नाही. नांगरलेलं रान भर दुपारी सपाट वाटतं आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्याची सरी न्‌ सरी मोजता येते; भिंतीचंही तेच. रात्री ट्यूबलाइटखाली बघून पसंत केलेलं काम सकाळी खिडकीतून ऊन आलं की नापसंत होतं. मामा शेवटचा हात मारताना सिलिंगवर रोलर खिडकीच्या दिशेनेच ओढायचे. उजेडाच्या रेषेत गेलेले पट्टे सावली पाडत नाहीत.

काम संपल्यावर उरलेला लिटरभर रंग मामांनी झाकण ठोकून दिला आणि “ठेवा, लागंल” म्हणाले. लागला. गेल्या वर्षी स्विचबोर्ड हलवला, जुन्या जागी पुट्टी भरली आणि मी तोच रंग मुलाच्या चित्रकलेच्या ब्रशने लावला. डबा तोच, भिंत तीच, तरी चौकोन उठून दिसतो. ब्रशच्या रेघा लांबट, रोलरचं पोत दाणेदार. रंग एक असला तरी दोघांवरून उजेड वेगळा परततो. शिवाय पुट्टीवर प्रायमर मी मारला नव्हता, हे कबूल करतो. तुमच्याकडे उरलेला रंग असेल, तर डब्यावर शेडचा नंबर, खोली आणि तारीख लिहून ठेवा. टच-अप करायची वेळ आली, तर आधी प्रायमरचा हात द्या आणि मग चार इंची रोलरनेच मारा, त्याच लवेच्या.

आमचा चौकोन अजून तसाच आहे. रोज सकाळी साडेआठला दिसतो आणि ऊन वर चढलं की साडेनऊला नाहीसा होतो.